पहिलं कुटुंब

शिंप्याने भिंतीकडे बघायला मान वळवली आणि मानेपाठोपाठ गाडीही वळली. शेजारी शिकवायला बसलेल्या बाईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी रंगाऱ्याच्या शिडीपासून हातभर अलीकडे थांबली आणि रंगाऱ्याने शिडीवरूनच दोघांचा उद्धार सुरू केला.

"समोर बघा," ती म्हणाली. "भिंत कुठे पळून जात नाही."

"अहो मॅडम, पण लिहिलंय काय ते तरी वाचा."

तिने वाचलं. ‘पहिलं कुटुंब, मग बाकी सगळं’. वितीएवढी अक्षरं, खाली उमेदवाराचा चेहरा, चेहऱ्याशेजारी त्याचं चिन्ह, दाराची कडी. रंगारी ‘सगळं’वर टिंब द्यायचा थांबला होता.

शिंप्याचं पोट स्टिअरिंगला लागून हलायला लागलं. "आमचे वडील आईला ‘आमचं कुटुंब’ म्हणायचे. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय.’ ‘आमच्या कुटुंबाला खोकला झालाय.’ आता पहिलं कुटुंब म्हणजे..." आणि मग त्याच्या ध्यानात आलं की पहिलं कुटुंब त्याच्या शेजारीच बसलेलं आहे.

"म्हणजे मी," ती म्हणाली. "क्लच दाबा. पहिला टाका."

"गिअर फार कडक आहे हो तुमचा."

नाचता येईना अंगण वाकडं. गेले तीन महिने त्याला गिअर कडकच लागत होता.

घोषणा लिहिणारा मुलगा राजधानीहून आणलेला होता, चांगला शिकलेला, आणि ‘कुटुंब’ म्हणजे बायको हे त्याच्या कानावर कधी पडलेलं नव्हतं. उमेदवाराच्या कानावर पडलेलं असणार, पण स्वतःच्या घोषणेत ते त्याला ऐकू आलं नाही. माणसाला आपलं घोरणं ऐकू येतं का? शहरातल्या भिंती रंगून झाल्या, दवाखान्याच्या भिंतीपासून बसथांब्यापर्यंत, आणि मग पन्नाशीच्या पुढचं सगळं शहर हसायला लागलं. कारण उमेदवाराचं पहिलं कुटुंब सगळ्यांच्या ओळखीचं होतं. निम्म्या शहराला तिनेच गाडी शिकवली होती.

उमेदवाराच्या घरात तिला ‘गाडीवाली’ म्हणत. शिवी म्हणूनच म्हणत. आपणही तेच म्हणू, तिचं काही म्हणणं नाही. लग्नानंतर चार वर्षांनी तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी धरली तेव्हा नवऱ्याने एकच गोष्ट विचारली होती: परके पुरुष दिवसभर तुझ्या शेजारी बसणार? ती म्हणाली, बसल्याशिवाय शिकणार कसे? त्याने सांगितलं, नोकरी नाहीतर घर. तिने नोकरी घेतली. वर्ष उलटायच्या आत त्याने दुसरं लग्न केलं. तो माणूस लाच घेत नव्हता, पीत नव्हता, पहाटे उठत होता आणि आपण बोलतो ते खरं आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. अशा माणसाशी भांडता येत नाही, हीच तर रड होती.

आणि दुसरं लग्न झाल्यावर दोन महिन्यांनी त्याची आई एक बॅग घेऊन गाडीवालीच्या दारात उभी राहिली. "आठ दिवसांसाठी आलेय," म्हणाली. मुलाच्या घरात तिला वरची खोली दिली होती आणि मुलाला भेटायची वेळ ठरवून दिली होती, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. शिस्त म्हणजे शिस्त. त्या आठ दिवसांना आता नऊ वर्षं झाली होती. त्यात सासूबाईंचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत, मधलं तेवढं गेलं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दाराची चौकट दिसायची, दारात उभ्या माणसाचं तोंड दिसायचं नाही.

उमेदवार दुसऱ्या दिवशी सकाळी आला. एकटाच आला, गाडी लांब लावून. गाडीवालीचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानाला लागून एक खोली: तीन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर कापून उघडा केलेला एक जुना गिअरबॉक्स, शिकाऊंना आतली दातरी चाकं दाखवायला. मागे राहायच्या दोन खोल्या. त्याने खुर्ची रुमालाने पुसली आणि मग बसला.

"लोक हसतायत," तो म्हणाला.

"हसू देत. फुकटची करमणूक आहे."

"तूच पसरवलंस ना हे?"

"भिंती तू रंगवल्यास. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, कुटुंबाच्या भानगडीत पडू नकोस म्हणून. मागेही तुला ते जमलं नव्हतं."

संसार होता तोवर ती त्याला ‘अहो’ म्हणायची. घटस्फोटाचा निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर तिने पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं आणि त्याला ते अजूनही झोंबत होतं. त्याने रुमालाची घडी घातली.

"हे बघ, मी भांडायला आलेलो नाही. परवाच्या सभेत एकाने उठून विचारलं, साहेब, तुमची आई कुठे असते? माझा पहिला मुद्दा काय आहे माहीत आहे ना? म्हातारे आईबाप मुलाच्या घरात. मग शिस्त, मग करकपात. पहिल्या मुद्द्यावरच मी तोंडावर पडलो तर पुढचं कोण ऐकणार? आईला मी घरी नेतोय."

"आई म्हणजे मुद्दा नाही."

"ती माझी आई आहे."

"आज आठवलं?"

"तू तिची कोण?" त्याने आवाज चढवला नाही. खरंच विचारत असल्यासारखं विचारलं. "तुझं-माझं नातं मोडलं. मग तिचं आणि तुझं काय उरलं? सांग ना, कोण लागतेस तू तिची?"

तिच्याकडे याला शब्द नव्हता. भाषेतच नाही तर ती कुठून आणणार? "माजी आमदार असतात ना," ती शेवटी म्हणाली, "तशी माजी सून."

तेवढ्यात आतल्या दारात सासूबाई आल्या. भिंतीला हात लावत लावत आल्या. त्यांनी मान जरा तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची त्यांची रीत होती ती.

"तूच ना रे? मघाशी खोकलास तेव्हाच ओळखलं."

उमेदवार उठून उभा राहिला. "आई, घरी चल."

"न्यायला आलास?"

"हो."

"तू स्वतः आलास?"

"हो, आई."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की गाडीवालीने तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या खुणांच्या तक्त्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं डोळ्यांत थेंब घातले हिने, पाय चेपले हिने, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवला हिने. त्यात मुलाची भाषणंही आली, एक शब्द न गाळता, दात खाऊन का होईना पण वाचली. आणि तो एकदा येऊन ‘चल’ म्हणाला की झालं.

"माझी बॅग काढ गं," सासूबाई म्हणाल्या.

आत जाऊन तिने कपडे बॅगेत अक्षरशः कोंबले. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून नुसता आवाज ऐकत होत्या.

"रागावलीस."

"मी कशाला रागावू? मी कोण तुमची?"

"वेडी आहेस. आठ दिवसांसाठी जातेय."

"इथे आलात तेव्हाही आठ दिवसांसाठीच आला होतात."

सासूबाईंना हसू आलं, तिला आलं नाही. चेन लावताना तिचं बोट अडकलं आणि रक्त आलं, तेही तिने कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर उमेदवाराच्या प्रत्येक पत्रकावर त्याची आई दिसायला लागली. आई मध्ये, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्याची दुसरी बायको, धाकटी. घोषणा बदलायला वेळ नव्हता, म्हणून भिंतींवर ‘पहिलं’वर चुना फासून ‘आपलं’ लिहिलं. चुना पातळ होता. खालचं ‘पहिलं’ दिसायचंच, आणि आता तर लोक मुद्दाम थांबून वाचायचे.

गाडीवाली भेटायला गेली तेव्हा फाटकावरच्या कार्यकर्त्याने सांगितलं, भेटायची वेळ चार ते पाच. चार ते पाच तिच्या दोन शिकवण्या असत. दुसऱ्या खेपेला तिने दोन्ही शिकवण्या रद्द केल्या आणि चारला एक मिनिट कमी असताना फाटकाशी उभी राहिली. सासूबाईंना पुढच्या खोलीत बसवलेलं होतं, रस्त्यावरून दिसतील अशा. केस नीट विंचरलेले, अंगावर नवी शाल. धाकटी पाणी ठेवून दाराशी उभी राहिली; तिला तसं सांगितलेलं असावं. ती काही वाईट बाई नव्हती. त्या घरात तिच्यासुद्धा वेळा ठरलेल्या होत्या.

"छान आहे हो सगळं," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. मग धाकटी पाण्याचा तांब्या आणायला वळली तेव्हा त्या पुढे वाकल्या. "इथे पेपर वाचून दाखवतात, पण गाळून वाचतात. मला कळत नाही का? मध्येच श्वास अडकतो वाचणाऱ्याचा. मी म्हटलं, काय गाळलंस? तर म्हणे, काही नाही, आई."

"मग या ना घरी. आत्ता चला."

"आत्ता कशी येऊ? त्याची निवडणूक आहे. मी गेले तर त्याचं हसं होईल." त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "मत पडलं की ये मला न्यायला. लगेच ये. वाट बघायला लावू नकोस."

त्या दिवसापासून गाडीवालीला निवडणुकीत रस वाटायला लागला. एरवी आमदार कोण का होईना, खड्डे तेच असत.

मतदानाच्या दिवशी तिने शाळेच्या मैदानाबाहेर गाडी लावली, सकाळीच रांगेत उभी राहिली आणि स्वतःचं मत टाकून आली. अर्थातच कडीला नाही. कडीच्या वरचं बटण होतं, कोण एक निवृत्त मास्तर होता, तिने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. चेटकिणीने उभं राहून मत मागितलं असतं तरी तिने दिलं असतं. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली.

उमेदवार आला तो आईला हाताला धरूनच आला. मागे धाकटी, पुढे दोन फोटोग्राफर, उलट्या पावली चालत. रांगेतल्या लोकांनी म्हातारीला वाट दिली. मतदान अधिकारी हा एक किरकोळ अंगाचा माणूस होता, कुठल्याशा कचेरीतला कारकून, आणि आज एका दिवसापुरता त्याच्या हातात कायदा होता. तो त्याने अगदी जपून धरला होता.

"आजींना दिसत नसेल तर सोबत एकाला जाता येईल," तो म्हणाला. "उमेदवार सोडून. सोबत कोण येतंय?"

"सून येईल," सासूबाई म्हणाल्या.

धाकटी पुढे झाली आणि तिने हात धरला. सासूबाईंनी तिच्या मनगटावरून बोटं फिरवली, हात हलकेच सोडवून घेतला आणि मान तिरकी करून व्हरांड्याच्या कडेकडे बघितलं.

"ही नाही. गाडीवाली. ती तिथे बाकावर बसलीय, मला दिसतेय."

फोटोग्राफरचा कॅमेरा आपोआप वळला. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. उमेदवाराच्या मानेवर लाली चढली, पण चेहरा तसाच राहिला.

"आई, ही आहे ना."

"आहे रे. पण ती गाळून वाचते." आणि अधिकाऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मला निवडता येतं ना? का तेही तुम्हीच ठरवता?"

"मतदाराची मर्जी," अधिकारी म्हणाला. त्याला असं वाक्य म्हणायची संधी आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती.

त्याने गाडीवालीची सही घेतली आणि बजावलं: मतदार सांगेल तेच बटण दाबायचं, आणि कुठलं दाबलं ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. ती हो म्हणाली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघींना जेमतेम उभं राहता येत होतं. तिने वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचून दाखवली, चिन्हांसकट, पेपर वाचते तशी, कानाशी, हळू. कडीपाशी आली तेव्हाही आवाज बदलला नाही.

"कडी," सासूबाई म्हणाल्या.

ती पुन्हा वरच्या नावापासून वाचायला लागली.

"ऐकलंस ना?"

"आई, नीट विचार करून सांगा."

"विचार कसला करायचाय? पोटच्या पोराला नाही द्यायचं तर कुणाला देऊ? कडी."

तिने बोट पुढे केलं. कडीच्या वर बोटभर अंतरावर मास्तरचं बटण होतं. सासूबाईंना दोन्ही दिसत नव्हती. पुठ्ठ्याच्या आत कुणी बघत नव्हतं. एवढी सोयीची जागा माणसाला रोज मिळत नाही. नोकरी नाहीतर घर, तू तिची कोण, भेटायची वेळ चार ते पाच: सगळं तिच्या त्या एका बोटात येऊन थांबलं. तिला म्हातारीचाही राग आला, त्याच्याइतकाच. इतकं सगळं करून शेवटी त्यालाच ना? त्यालाच.

तिने कडीचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, यंत्र लांबलचक वाजलं.

"दाबलंस?"

"दाबलं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. पुन्हा विचारलं नाही. नऊ वर्षांत त्यांनी तिला कुठलीच गोष्ट दोनदा विचारली नव्हती.

बाहेर फोटो झाले. आई आणि मुलगा, दोघांची शाई लावलेली बोटं वर. मग फोटोग्राफर पुढच्या केंद्रावर जायला निघाले आणि व्हरांड्याच्या टोकाला चौघंच उरली. गाडीवालीने सासूबाईंचा हात सोडला नव्हता.

"चला आई," ती म्हणाली. "मत पडलं. गाडी बाहेरच आहे."

"कुठे?" उमेदवार म्हणाला.

"घरी. असं ठरलंय आमचं."

"घरी तर ती आहेच." तो शांतपणे, समजावून सांगत होता. "आई आता कायम माझ्याकडे राहील. निवडून आलो तर राहीलच, पडलो तरी राहील. मी लोकांना शब्द दिलाय. आणि तू आता फाटकाशी येत जाऊ नकोस. चांगलं दिसत नाही."

"अरे, पण मी हिला सांगितलं होतं की..." सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुला काय हवं ते मला कळतं."

त्याने आईच्या दुसऱ्या दंडाला धरलं. म्हातारी दोघांच्या मध्ये उभी, एक हात हिच्याकडे, एक त्याच्याकडे. गाडीवालीने तिच्याकडे बघितलं. सासूबाईंच्या बोटांनी तिचं मनगट घट्ट आवळलं होतं.

"एकच सांग," उमेदवार गाडीवालीला म्हणाला. "आईचं मत नीट टाकलंस ना?"

आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं. आधी ठरवलं वगैरे काही नव्हतं.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"वरचं दाबलं. मास्तरचं."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. उमेदवाराला शंका घ्यायला जागा होती, पण तो घेईल कशाला? या बाईबद्दल त्याचं मत पूर्वीच ठरलेलं होतं आणि आज ती त्याला त्याच मापाची मिळाली होती.

"आई," तो म्हणाला, "तू काय सांगितलं होतंस हिला? हिने काय केलं?"

सासूबाईंनी मान तिरकी केली. आधी त्याच्या बाजूला, मग तिच्या बाजूला. कडेचं जेवढं दिसतं तेवढं त्या बघत होत्या.

"मला कुठे दिसतं," त्या म्हणाल्या.

तो ओरडला नाही. शिस्तीचा माणूस, चारचौघांत आवाज चढवणं त्याला कधीच माहीत नव्हतं. त्याने आईचा दंड सोडला, रुमाल काढला आणि हात पुसले.

"माझी बायको शेजारी उभी असताना तू हिला निवडलंस. सगळ्यांच्या देखत. वर हिने हे केलं. आणि अजून तू हिचाच हात धरून उभी आहेस. ठीक आहे. तुझी निवड तू केलीस." त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता. "बॅग पाठवून देतो."

"अरे..."

"मला पुढच्या केंद्रावर जायचंय."

तो पायऱ्या उतरून गेला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. धाकटी घुटमळली. तिने पर्समधून डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली आणि गाडीवालीच्या हातात ठेवली.

"आज सकाळचे घालून झालेत," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळचे राहिलेत." आणि नवऱ्याच्या मागे पळत गेली.

गाडीवालीने सासूबाईंना गाडीत बसवलं, पट्टा लावला, दार लावलं आणि स्वतःच्या जागेवर येऊन बसली. मग तिला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. जिंकली होती ती. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी भांडून जिंकली होती, आणि तेही एका शब्दात.

"काय बोललात हो आई! ‘मला कुठे दिसतं.’ मी तुमच्या जागी असते ना, तर मला नसतं सुचलं. कसला साळसूद चेहरा केलात!"

तिने गाडी सुरू केली. शाळेचं फाटक मागे पडलं. सासूबाई समोर तोंड करून बसल्या होत्या, जणू समोरचं दिसत असल्यासारख्या.

"आणि शपथही मोडली नाही मी," ती म्हणाली. "कुठलं बटण दाबलं ते सांगायचं नव्हतं ना? मी कुठे सांगितलं? भलतंच सांगितलं."

सासूबाई हसल्या नाहीत.

"घरी गेल्यावर आधी चहा टाकते. मग पेपर. आठ दिवसांचे साठवून ठेवलेत मी, एक टाकलेला नाही."

"त्याचा आवाज कसा झाला होता, ऐकलास?" सासूबाई म्हणाल्या.

"होईल बरा. उद्यापर्यंत विसरेल."

"नाही विसरायचा."

चौकात दिवा लाल झाला. तिने गाडी थांबवली. सासूबाईंनी मांडीवरची शाल सारखी केली, मग पुन्हा सारखी केली.

"ए."

"काय, आई?"

"कडीच दाबलीस ना?"

ती वळून बघत राहिली. "म्हणजे काय? कडीच. तुम्ही सांगितलंत तेच."

"हं."

"आई, त्याला मी खोटं सांगितलं. तुम्हाला घरी आणायचं होतं म्हणून. तुम्ही माझं मनगट धरलं होतंत, म्हणून तर मी..."

"घाबरले होते मी. दोघंही ओढत होतात." सासूबाईंनी आपला दंड चोळला. "तो विचारत होता, हिने काय केलं. मला सांगता येईना. मला खरंच कुठे दिसतं?"

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने क्लच दाबला, पहिला टाकला, आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. मागून आणखी हॉर्न आले. तिने किल्ली फिरवली.

"एकदा सांग गं फक्त," सासूबाई म्हणाल्या. मान तिच्याकडे तिरकी केलेली होती. "कडीच ना?"

"हो, आई. कडीच," ती म्हणाली. आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. मघाशी व्हरांड्यात ‘मास्तरचं’ म्हणतानाही तो असाच होता, साधा, सरळ, जरासुद्धा न अडखळणारा.